नवरदेवाचा कान

तलवाड्यात हसणारी म्हैस पहिल्यांदा दिसली ती आप्पारावांच्या अंगणातल्या दोरीवर, धुतलेल्या कपड्यांच्या रांगेत चिमटे लावून वाळत घातलेली. काळ्या शाईतली, जाड कागदावरची, आणि तोंडाचे दोन्ही कोपरे वर गेलेली. भामाबाईंचा चष्मा तेव्हा गेवराईला दुरुस्तीला गेला होता, तरी ते हसू त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"अंजे, ही म्हस हसती कावून?"

"सत्यशीलाबाईंच्या समद्याच जनावरांचं तोंड असं असतं, माय."

"त्यांच्याकडं चारा बरा मिळत असंल," भामाबाई म्हणाल्या आणि म्हशीच्या शेजारी आप्पारावांचं धोतर वाळत घातलं.

सत्यशीलाबाई म्हणजे सत्यशीला खानापुरे. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं त्यांची असत, आणि त्या चित्रं रंगवत नसत, कोरत असत. लिनो म्हणून एक मऊ, चटईसारखा तुकडा मिळतो. त्यावर बारीक कोरणीनं खोदायचं, वरून रोलरनं शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि दाबायचं. खोदलेलं पांढरं राहतं, शिल्लक ठेवलेलं काळं उमटतं. एवढीच विद्या. अंजू कॉलेजात बी.ए. करत होती तेव्हा वाचनालयात त्यांचं एक पुस्तक तिच्या हाती लागलं, ते घरी आलं, आणि पुढं वाचनालय त्या पुस्तकाला विसरलं. अंजूनंही आठवण करून दिली नाही.

तिनं त्या पुस्तकाचा जेवढा अभ्यास केला तेवढा सुना सासूचाही करत नाहीत. सत्यशीलाबाईंचं गवत म्हणजे आखूड आखूड रेघा. लोकर म्हणजे एकाला एक चिकटलेले स्वल्पविराम. रात्र म्हणजे नुसतं न खोदलेलं काळं. प्रत्येक जनावराला पापण्या, कोंबडीलासुद्धा. आणि सगळ्यांच्या तोंडावर ते एक हसू, आपल्याला काही तरी ठाऊक आहे आणि ते आपण सांगणार नाही असं. अंजूनं पानावर बटर पेपर ठेवून ठेवून हे सगळं मनगटात उतरवून घेतलं. मग घरचं कुत्रं कोरलं, ते लग्नाच्या फोटोत बसल्यासारखं आलं. शेजारच्या छबुबाईंची शेळी मेली तेव्हा आठवण म्हणून तिचं चित्र नेऊन दिलं. त्यात शेळी सुटका झाल्याच्या आनंदात दिसत होती. छबुबाई त्या दिवसापासून अंजूशी कामापुरतंच बोलत.

छापायचं यंत्र घरात नव्हतं, पण भामाबाई होत्या. ठोकळ्यावर कागद, कागदावर फळी, आणि फळीवर भामाबाई. त्या उभ्या राहिल्या की काळं कसं गच्च उतरायचं. आप्पाराव अंगानं काठीसारखे. ते उभे राहिले तर चित्र आजारी दिसायचं.

राहता राहिला कागद. तो भगवानरावांचा होता. भगवानराव आप्पारावांचे चुलतभाऊ, गावातले पुढारी, किराणा दुकानाचे मालक आणि मेंढरंवालेही. पंचायत समितीच्या निवडणुकीत त्यांना मतं कमी पडली आणि पोस्टरं जास्त झाली. उरलेल्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद जाड, गुळगुळीत. एका बाजूला हात जोडून उभे असलेले भगवानराव, दुसरी बाजू कोरी. "पोरगी शिकतीया, ने बाई," म्हणून त्यांनी गठ्ठा अंजूला दिला. भगवानरावांच्या घरातून कागदाचा कपटा जरी बाहेर गेला तरी तो त्यांच्या डोक्यात कुणाच्या तरी नावावर मांडलेला असायचा, हे अंजूला माहीत होतं. पण कागद खरंच चांगला होता.

एक दिवस तिनं हसऱ्या म्हशीचा फोटो काढून सत्यशीलाबाईंना मोबाईलवर पाठवला. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. नाशिकला त्या महिनाभराचं शिबिर घेत होत्या, निवडक लोकांसाठी. "हसू माझं आहे," त्यांनी लिहिलं होतं, "पण म्हैस तुमची दिसते. या."

अंजूनं हे संध्याकाळी वडिलांना सांगितलं. आप्पारावांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, ऐकलेली गोष्ट विसरता येते का ते बघितलं, आणि येत नाही म्हटल्यावर बोलले.

"महिनाभर त्या बाईकडं राहून काय शिकणार तू? म्हशीला हसवायला?"

"आप्पा, त्या समद्यांना न्हाई बोलावत."

"मला त्यातलं कळत न्हाई. कळणाऱ्याला विचारू." आप्पाराव एकदा दिलेला शब्द मागं घेत नसत, म्हणूनच ते शब्द फार जपून देत. आता देताना त्यांनी बराच वेळ घेतला. "आपल्या नवरदेवाचं चित्र कर. बाजाराच्या दिशी मेंढरंवाल्यांच्या म्होरं ठेव. वर नाव लिहायचं न्हाई, तोंडातून शब्द काढायचा न्हाई. त्यांनी आपण होऊन म्हणलं, हा आप्पारावचा नवरदेव, तर तू नाशिकला जा. न्हाई म्हणले तर ती हत्यारं पेटीत घालायची अन् पुन्यांदा नाशिकचं नाव काढायचं न्हाई."

नवरदेव म्हणजे आप्पारावांचा एडका. काळा, भक्कम, वळलेल्या शिंगांचा, आणि पुढं बँड वाजतोय अशा थाटात चालणारा. आप्पारावांना लेक प्रिय होती, बायकोही होती, पण कौतुक ते एडक्याचंच मोकळेपणानं करत. "माझा नवरदेव दुसऱ्याच्या काडीला तोंड लावत न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. याबाबत गावाचं मत जरा वेगळं होतं, पण प्रत्येक वेळी पुरावा नवरदेवाच्या पोटात गेलेला असायचा.

अंजू कामाला लागली. नवरदेव अंगणात बांधला, समोर बसली आणि दिसला तसा लिनोवर उतरवला. लोकरीला सत्यशीलाबाईंचे स्वल्पविराम, पायाखाली त्यांचं गवत, डोळ्याला त्यांच्या पापण्या. आणि डाव्या कानाला कातर. ही कातर म्हणजे या घराची सही. आजोबांच्या काळात आप्पारावांची आणि भगवानरावांची मेंढरं एका कळपात होती. घरं वेगळी झाली तेव्हा जमीन वाटली, विहिरीचे दिवस वाटले आणि कानही वाटले. आप्पारावांच्या घरानं कोकराचा डावा कान कातरायचा, भगवानरावांच्या घरानं उजवा. विहिरीच्या दिवसांवरून अजून भांडणं होत. कानावरून कधी झालं नव्हतं.

ठोकळा झाल्यावर आप्पारावांनी तो मांडीवर घेतला आणि कोरलेल्या कानावरून अंगठा फिरवला.

"डावा. बरोबर हाय. खोल कातरलाय. आमचा बा असाच कातरायचा."

अंजू सुखावली. अक्षरं उलटी कोरावी लागतात हे तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी स्वतःचं नाव उलटं छापून ती ते शिकली होती. पण कान म्हणजे काही अक्षर नव्हे. शिवाय सत्यशीलाबाईंच्या मेंढ्यांचे दोन्ही कान साबूत असत. आप्पारावांनी ते पुस्तक एकदा चाळलं होतं आणि "समदी बेवारस मेंढरं हायती" म्हणून मिटून ठेवलं होतं. जो धडा गुरूनं घातलाच नव्हता तो चेलीला कुठून येणार?

आप्पाराव मेंढरं घेऊन गेल्यावर छपाई झाली. भामाबाई फळीवर चढल्या.

"माय, जरा डाव्या पायावर भार दे."

"भाकरी राह्यल्यात माझ्या."

"झालंच."

कागद उचलला तर काळं असं गच्च उतरलेलं की अंजूला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. भामाबाईंनी कागद नाकाजवळ नेला. चष्मा अजून गेवराईतच होता.

"ब्येस झालाय," त्या म्हणाल्या. "पर परका दिसतोय गं. पाव्हण्यावानी."

अंजूला हे फार आवडलं. ओळखीची वस्तू परकी दिसायला लागली की कला झाली, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

बाजाराच्या दिवशी मेंढरंवाले नेहमीसारखे लिंबाखाली बसले होते. अंजूनं पोतं अंथरलं, त्यावर चित्र ठेवलं, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि ओठ मिटून बसली. आप्पाराव थोडं पलीकडं कांदेवाल्याजवळ उभे होते आणि एकच कांदा पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

सटवाआबा सगळ्यांत वयस्क, म्हणून कागद आधी त्यांच्या हातात गेला. अंजूनं ज्या लोकरीवर बोटं दुखेस्तोवर स्वल्पविराम कोरले होते तिच्याकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पापण्यांकडं नाही, गवताकडं नाही. पोलीस गाडीची नंबरप्लेट बघतो तसे ते सरळ कानावर गेले.

"भगवानरावचं हाय," ते म्हणाले.

दुसऱ्यानं मान पुढं काढली. "भगवानरावचंच. फौजदार हाय ह्यो." फौजदार हा भगवानरावांचा एडका.

"शिंगं आप्पारावच्या एडक्यावानी वाटत्यात," तिसरा म्हणाला.

"शिंगं कुनाचीबी कशीबी असत्यात. कान बघ बे."

तिसऱ्यानं कान बघितला, चूक कबूल केली आणि खात्री करून घ्यावी म्हणून कागद उलटवला. मागं भगवानराव हात जोडून उभे होते.

"हे घ्या. मालक मागंच हुबा हाय."

कांदा टाकून आप्पाराव आले. "नीट बघा की रं. म्हातारपणी डोळं गेलं का काय आबा?"

"नीटच बघितलं. उजवा कान कातरलाय. तूच बघ."

आप्पारावांनी बघितलं. मग अंजूकडं बघितलं. आपल्या घरात वाढलेली, आपलं मीठ खाल्लेली पोर भरबाजारात फौजदार घेऊन बसली आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश चढत गेलं.

तेवढ्यात भगवानरावही आले. निवडणूक हरल्यापासून त्यांचे कपडे आधीपेक्षा जास्त पांढरे झाले होते. त्यांनी चित्र बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"पोरी, मला सांगायचं तरी. फौजदाराला धुऊन दिला असता मी."

"काका, हा नवरदेव हाय." शब्द न काढायची अट होती, पण परीक्षा आता बुडालीच होती.

"कान बघ बाई," भगवानराव मायेनं म्हणाले आणि कागदाची गुंडाळी करायला लागले.

"ठेव खाली," आप्पाराव म्हणाले. "मी ठोकळा बघितलाय. ह्या अंगठ्यानं कान चाचपलाय. डावा हाय."

"मग दाव की ठोकळा."

ठोकळा अंजूच्या पिशवीत होता. तिनं तो काढून कागदाशेजारी ठेवला. मेंढरंवाले वाकले. ठोकळ्यावर डावा कान कातरलेला, कागदावर उजवा. अंजूला आपली चूक लख्ख दिसली.

"आबा, ते उलटं उमटतं," ती म्हणाली. "ठोकळ्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"म्हणजे ठोकळा आप्पारावचा."

"व्हय."

"अन् त्याच्यातून जे निघालं ते भगवानरावचं."

"तसं न्हाई आबा—"

"तसंच हाय. कान बोलतोय." सटवाआबांनी मांडी बदलली. त्यांच्याकडं असा न्याय बऱ्याच दिवसांत आला नव्हता आणि तो घाईनं संपवायची त्यांची इच्छा नव्हती. "ठोकळा म्हणजे मेंढी. कागद म्हणजे कोकरू. मेंढी आप्पारावची, त्यात वाद न्हाई. आता मला सांगा, चारा कुणी घातला?"

"कागद माझा," भगवानराव तत्काळ म्हणाले. "सगळा गठ्ठा माझा."

"मग ही अर्धल झाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेंढरंवाल्यांत ही रीत जुनीच. एकानं मेंढी द्यायची, दुसऱ्यानं चारापाणी करायचं. मेंढी ज्याची त्याची राहते, कोकरं निम्मी निम्मी होतात, आणि ज्याच्या वाट्याला जे कोकरू येईल तो आपल्या घराचा कान कातरतो.

"जेवढे कागद निघतील त्यातले निम्मे आप्पारावचे, निम्मे भगवानरावचे," आबा म्हणाले. "ह्यो भगवानरावच्या वाट्याचा. त्याचा कान तर आधीच कातरलेला हाय."

इतका स्वच्छ निकाल बाजारानं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. लोक समाधानानं चहाला गेले. भगवानरावांनी चित्र नेऊन दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलं, आपल्या चेहऱ्याची बाजू भिंतीकडं करताना मात्र त्यांना थोडं जड गेलं.

घरी जाताना आप्पाराव पुढं, अंजू मागं.

"हत्यारं पेटीत घाल," ओढा ओलांडल्यावर ते म्हणाले.

"आप्पा, तुमीच म्हणालतात. डावा, बरोबर हाय म्हणून."

आप्पाराव थांबले. माणूस हिशोबाला पक्का. दुसऱ्याच्या चुका ते कधी विसरत नसत आणि स्वतःच्या कधी लिहून ठेवत नसत. पण ही चूक त्यांच्या अंगठ्याला चिकटलेली होती. ते अंगठ्याकडं बघत उभे राहिले.

"मग चूकबी अर्धलीचीच झाली," ते शेवटी म्हणाले. "निम्मी तुजी, निम्मी माजी. आजून एक बाजार देतो. त्याच्यानंतर न्हाई."

आता नवरदेव उलटा कोरायचा होता. अंजूनं भामाबाईंच्या लग्नातला मोठा आरसा काढला आणि एडक्यासमोर उभा केला; आरशात दिसेल तसं उतरवलं की काम झालं, असा तिचा बेत. नवरदेवानं आरशात पाहिलं. समोर उजवा कान कातरलेला एडका उभा. नवरदेव दोन पावलं मागं सरला, आणि पुढचं सगळं फार लवकर झालं.

"त्यालाबी फौजदारच वाटला," भामाबाई काचा गोळा करत म्हणाल्या. त्यानंतर त्या दोन दिवस कुणाशीच बोलल्या नाहीत, नवरदेवाशीसुद्धा.

मग अंजूनं बटर पेपरावर चित्र काढून कागद पालथा घातला. हे आधी सुचलं असतं तर आरसा वाचला असता. कान उजवीकडं गेला. आप्पारावांनी तो ठोकळा एकदाच बघितला. आपल्या एडक्याला भावकीचा कान, तोही आपल्याच घरात, आपल्याच लेकीच्या हातानं.

"मला बघवत न्हाई," म्हणून ते उठून गेले.

कान साधला, पण अंजूचं लक्ष कानात गुंतलेलं असताना हातानं तिला न विचारता तोंडाचे कोपरे वर नेऊन ठेवले. सत्यशीलाबाईंचा हात तिच्या मनगटात येऊन राहिला होता आणि भाडंही देत नव्हता. नवरदेव हसत होता. आणि लिनोवर एकदा कोरलं की ते परत भरता येत नाही. फक्त आणखी कोरता येतं. दुसरा तुकडा मागवायला वेळ नव्हता.

ती ठोकळा घेऊन गोठ्यात गेली आणि पहिल्यांदाच नवरदेवाच्या तोंडाकडं नीट बघत बसली. हा कधी हसेल कसा? याचं तोंड रिकामंच नसतं. आतासुद्धा तो काहीतरी चघळत होता. कापड होतं कसलंसं. एका बाजूनं त्याचं टोक लोंबत होतं, काठाला दोन पट्टे, मधे जळून पडलेलं एक भोक. कुठून आणलं कोण जाणे.

अंजूनं कोरणी घेतली आणि हसण्यावरूनच ते कापड कोरायला सुरुवात केली. इथं गुरूचं पुस्तक संपलं. कापडाला स्वल्पविराम चालेनात, गवताच्या रेघा चालेनात. तिनं लिनोच्या उरलेल्या कपच्यांवर हात चालवून चालवून बघितला, कोरणी आडवी धरली, अर्धवट दाबली, आणि कधीतरी कापड कापडासारखं पडायला लागलं. पट्टे आले, भोक आलं. काम झाल्यावर तिनं ठोकळा लांब धरला. एडका हसायचा थांबला होता. तोंड भरलेलं असताना कुणीतरी महत्त्वाचा प्रश्न विचारावा, तसा तो बघत होता.

छपाईला भामाबाई आल्या नाहीत. आरसा अजून ताजा होता. तेव्हा आप्पाराव फळीवर चढले, नजर आभाळाकडं; आणि वजन कमी पडू नये म्हणून खांद्यावर ज्वारीचं पोतं. तलवाड्यातल्या कुणी त्या वेळी कुंपणावरून डोकावलं असतं तर त्याला बराच खुलासा द्यावा लागला असता.

पुन्हा बाजार, पुन्हा पोतं, पुन्हा चार खडे. कागद भगवानरावांचाच होता, दुसरा आणणार कुठून? आप्पारावांनी या वेळी कांद्याऐवजी वांगी धरली होती. मागल्या निकालाची गोडी अजून जिभेवर असल्यामुळं मेंढरंवाले आपणहून जमले. भगवानरावही वाट्याला येणारं नवं कोकरू बघायला आले.

सटवाआबांनी कागद उचलला आणि सरळ कानावर गेले.

"डावा," ते म्हणाले.

एवढ्यावर आबा थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांची नजर कानावरून घसरली आणि तोंडावर येऊन अडकली. त्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"हे उपरणं माझं हाय."

"कुठलं उपरणं?"

"ह्याच्या तोंडातलं. हे दोन पट्टे बघा. हे भोक माझ्या बिडीचं. मी शेतात लिंबाखाली निजलोतो, उठून बघतो तर उपरणं न्हाई. घरात सुनंला बोललो मी. ती माहेरी गेलती चार दिस." आबांनी मान वर केली. "नवरदेवानं खाल्लंय ते. ह्यो नवरदेव हाय, आप्पारावचा. दुसऱ्या कुणाची अशी छाती न्हाई."

"बघू," दुसरा म्हणाला आणि बघून त्याचाही चेहरा बदलला. "असाच बघत हुता माझ्याकडं. मी म्हणलं कांद्याची पात कुणी खाल्ली, तर असाच बघत हुता."

"माझ्या लेकीच्या मांडवाच्या डहाळ्या," तिसरा म्हणाला.

"आमचे पाव्हणे चौसाळ्याहून आलते, त्यांच्या पिशवीतल्या पोळ्या. आमी त्यांच्याच पोरावर आळ घेतला."

भगवानरावांनी लगबगीनं कागदाकडं बोट केलं. "कान डावा हाय बरं का. समद्यांनी बघून घ्या. आमचा काही संबंध न्हाई."

"कागद तुझाच हाय की," सटवाआबा म्हणाले. "निम्मा वाटा तुझा."

"मला वाटा नको," भगवानराव म्हणाले, आणि चित्राच्या मागं हात जोडून उभे असलेले स्वतः लोकांना दिसू नयेत म्हणून कागदाचा उलटलेला कोपरा त्यांनी हळूच खाली दाबला.

मग सगळ्यांचे चेहरे आप्पारावांकडं वळले. सटवाआबांनी रीतसर विचारलं, "आप्पाराव, बोल. हा तुझा नवरदेव हाय का न्हाई?"

आप्पारावांना हिशोब कळायला वेळ लागला नाही. नाही म्हटलं की उपरणं, पात, डहाळ्या, पोळ्या सगळं एका शब्दात मिटतं, आणि लेकही घरात राहते. एका 'नाही'त दोन फायदे. असा सौदा त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. अंजूलाही तो दिसत होता. पण अटीप्रमाणं तिला बोलता येत नव्हतं. तिनं पोत्याचा एक धागा ओढायला घेतला आणि तो ओढतच राहिली.

आप्पाराव वांगी ठेवून पुढं आले. त्यांनी आबांच्या हातातून कागद घेतला. कान बघितला. मग तोंड बघितलं, आणि तिथंच बराच वेळ राहिले. लोंबणाऱ्या कापडावरून त्यांनी अंगठा फिरवला. शाई पुरती वाळली नव्हती, अंगठा काळा झाला.

"कान झाकला तरी कळतंय," ते हळूच म्हणाले. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच हाय. नवरदेवच हाय."

"अन् उपरणं?"

"उपरणं तुझं, आबा."

गलका सुरू झाला. ज्यांचं काही हरवलं होतं ते तर आलेच, पण ज्यांचं काही हरवलं नव्हतं तेही आठवून बघायला लागले. एकाचं पायताण, एकाचा दोर, एकाच्या पोराची वही, जी एडक्यानं खाल्ली हे मास्तरांनी खरं मानलं नव्हतं. भगवानराव दुकान उघडं राहिल्याचं सांगून निघाले.

"आप्पा," अंजू म्हणाली.

"तू घरी जा. पिशवी भर. सकाळची पहिली एसटी हाय." आप्पारावांनी चित्र तिच्या हातात दिलं, पोत्यावर खडे बाजूला सारून बसले आणि काळा अंगठा धोतराला पुसला. "मी ह्यांचं बघतो."

मग जमलेल्या लोकांकडं वळून ते म्हणाले, "एकेकानं बोला." आणि सगळे एकदम बोलायला लागले.